पलीकडच्या लिलीचं बी

१९ एप्रिल २०२२

पतसंस्थेनं ह्यांना दिलेली डायरी जानेवारीपासून कपाटावर पडून आहे. हे म्हणजे आमचे मालक, कल्याणराव. त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही आणि माझ्याकडे बोलण्यासारखं माणूस नाही, म्हणून डायरी मी घेतली. अंगणवाडीत दिवसभर पोरांची वजनं लिहिते, आता थोडं माझंही लिहीन.

आज सकाळी बघते तर माझ्या तांबड्या लिलीच्या मिशा कोणीतरी तोडून नेल्या आहेत. फुलाच्या आत टोकाला पिवळी पावडर असलेल्या मिशा असतात, त्या. पाकळ्या शाबूत, देठ शाबूत, मिशा गायब. ही लिली मी पुणतांब्याहून, माहेरून आणलेली. लग्नानंतर पहिल्या वर्षी आईनं तिचा कांदा माझ्या पदरात बांधून दिला होता. मिरजगावला आमच्या वस्तीवर एप्रिलच्या उन्हात दुसरं काही फुलत नाही, ही फुलते.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "चिमनीनं नेल्या असतील." चिमणी मिशा नेऊन काय करणार? पण हे पेपरातून मान वर न काढता बोलतात, तेव्हा पुढे विचारण्यात अर्थ नसतो.

भिंतीपलीकडे झुंबरबाईंची पांढरी लिलीही फुलली आहे. आख्ख्या मिरजगावात पांढरी कोणाकडे नाही. अगदी दुधासारखी आहे. मी मुद्दाम बघितली नाही, दिसली.

२२ एप्रिल

झुंबरबाई कोण ते लिहायचं राहिलं. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. पूर्वी मी त्यांना अक्का म्हणायचे. आता डायरीतसुद्धा म्हणणार नाही.

आमचं बोलणं का तुटलं ते मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, ह्यांनाही नाही, कारण हे हसतील. पण डायरी हसत नाही. कोरोनाच्या आदल्या वर्षी झुंबरबाईंच्या मुलाचं, बिभीषणाचं, लग्न झालं. त्यांचे मालक, गोरक्षनाथ भावजी, त्याच वर्षी वारले होते आणि वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून सगळी घाई. घाई असू दे. पण भर मांडवात, माझ्या माहेरच्या माणसांसमोर, ह्या बाईंनी माझ्या ओटीत आहेराची साडी घातली ती कोणती? मीच त्यांना आदल्या दिवाळीत घेतलेली! पिस्ता रंग, मोरपंखी काठ. घडीसुद्धा मोडलेली नाही, आणि काठावर माझ्याच बोटाचा हळदीचा डाग. माझी साडी त्यांना एवढी नकोशी झाली होती की मलाच परत केली. त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. ज्यानं केलं त्याला कळतंच, सांगावं कशाला?

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. वाटणीत घातली. बोलत होतो तेव्हा आम्ही दोघी तिच्यावर कुरडया वाळवायचो.

आता त्यांना मला काही ऐकवायचं असलं की त्या त्यांच्या शेळीला सांगतात. शेळीचं नाव चंद्री. "चंद्रे, टँकर आलाय गं, हंडे भरून घे." शेळी कुठले हंडे भरणार? पण मी भरून घेते, कारण पाणी काही झुंबरबाईंच्या मालकीचं नाही.

तर मला ती पांढरी लिली हवी आहे. मागायची मात्र नाही. मागायला बोलावं लागतं, आणि आधी मी बोलणार नाही.

३ मे

पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या गळल्या आणि देठावर हिरवं, टपोरं, तीन फाकांचं बोंड धरलं आहे. माझ्या तांबडीला इतक्या वर्षांत एकदाही बोंड धरलं नाही. बाईंनी कुंडी उचलून अगदी भिंतीवर आणून ठेवली आहे. मिरवायला, दुसरं काय!

माझ्या डोक्यात विचार आला. कांदा मागावा लागतो. बी मागावं लागत नाही, ते सांडतं.

२७ मे

"चंद्रे," झुंबरबाई सकाळी शेळीला सांगत होत्या, "बोंड उकलाय लागलं बग. वारं सुटलं की सगळं बी उडून जाईल. मी तर बाई आता बाजाराला चालले, दुपारपतुर काय येत न्हाई." आणि खरंच पिशवी घेऊन गेल्या. एवढं मौल्यवान बोंड शेळीच्या भरवशावर टाकून! वय होतं तसं माणूस बेफिकीर होतं.

बोंड मी काढलं. ही चोरी नव्हे, ते माझ्या बाजूला झुकलेलं होतं.

आत बी एकावर एक, चवडीसारखं रचलेलं. काळं, चपटं, जळक्या कागदाच्या टिकल्यांसारखं. फुंकर मारली तर उडेल. हातात घेतल्यावर मला इतका आनंद झाला की मी उगाचच चहा ठेवला.

२८ मे

आता पेरायचं कसं? कांद्याचं बी आम्ही वाफ्यात फोकतो, नुसतं विखरून, पण हे त्याच्यापेक्षा हलकं. मी विचार करत अंगणात उभी होते आणि पलीकडे झुंबरबाईंचं शेळीपुराण चालूच. "मातीत गाडलं तर कुजतंय गं चंद्रे. वाडग्यात पानी घ्यायचं, त्याच्यावर तरंगत ठिवायचं. मूळ फुटलं की मग मातीत." शेळीला बियाणं काय कळणार? बाईंचं खरंच काही खरं नाही.

संध्याकाळी मला एक युक्ती सुचली. वाडग्यात पाणी घेतलं आणि बी त्याच्यावर तरंगत ठेवलं.

१७ जून

फुटलं! प्रत्येक टिकलीच्या कडेला पांढरं मूळ आलं आहे. आता घमेल्यात चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत घालून एकेक टिकली टेकवली. घमेलं न्हाणीच्या मागे सावलीत ठेवलं आहे, म्हणजे पलीकडून दिसणार नाही. ह्यांना विचारलं, "माझी युक्ती कशी आहे?" तर म्हणाले, "लई भारी. कुनाची हाय?"

१० डिसेंबर

लिहायला हात चालत नाही इतका राग आला आहे.

रानात आज कांद्याची लागण होती. मी अंगणवाडीतून आले तर घमेलं रिकामं. नुसती माती. माझी रोपं वीतभर झाली होती, हिरवीगार, एकेकाला दोन-तीन पाती.

हे हात धूत होते. "दोन वाफ्यांना रोप कमी पडलं," म्हणाले. "न्हानीमागं तू टाकलेलं दिसलं. म्हनलं, बरं झालं. शेंडे छाटले न् लावून टाकलं."

"अहो, ती लिली होती!"

"कांद्यावानीच दिसती की."

कांद्यावानी! जन्मभर कांदा पिकवलेला माणूस, त्याला जगात जे हिरवं आणि उभं आहे ते सगळं कांदाच दिसतं. मी तशीच रानात पळाले. शेंडे छाटल्यावर सगळी रोपं सारखीच. खाली बसून एकेक पात चिमटीत धरून बघत होते. कांद्याची पात पोकळ असते, लिलीची चपटी, आणि लिलीला कांद्याचा वास नसतो. वास घेऊन घेऊन डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग सगळ्यालाच कांद्याचा वास यायला लागला. अंधार पडेपर्यंत जेमतेम मूठभर सापडली. दोन्ही वाफ्यांच्या मधून जाणारी पायवाट झुंबरबाईंच्या रानातून येते. त्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मला हसत असतील.

ह्यांना मी आज जेवायला वाढलं, पण बोलले नाही. आता ह्या वस्तीवर मी दोन माणसांशी बोलत नाही.

११ डिसेंबर

सकाळी दार उघडलं तर भिंतीवर एका फुटक्या डेऱ्यात ओली माती आणि तिच्यात माझी राहिलेली सगळी रोपं! मुळं न तुटता काढलेली. त्यात चुकून एकही कांदा आलेला नाही.

म्हणजे हे पहाटे उठून रानात गेले. शब्दानं बोलले नाहीत, पण मनाला लागलं असणार. मी विचारलं, "तुम्ही आणली ना?" ह्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे आणि म्हणाले, "हं."

मी लगेच शिरा केला, साजूक तुपातला. ह्यांनी दोनदा मागून खाल्ला आणि मग हे एक वाटी भरून पलीकडे वहिनींना देऊन आले. ह्यांचा जीव असा मोठा आहे.

३० मे २०२३

श्रीरामपूरहून आले. आमच्या ज्योतीचं बाळंतपण तिथेच, तिच्या सासरी झालं. मुलगी झाली. नाव ठेवलं ज्ञानेश्वरी, पण नाव घ्यायला वेळ लागतो म्हणून सगळे ज्ञानू म्हणतात. नाक आमच्याकडचं आहे.

येताना एसटीत सारखी धाकधूक. महिनाभर मिरजगावचं ऊन, आणि पाणी घालायला हे. ह्यांना स्वयंपाकघरात पाण्याचा माठ कुठे आहे ते दाखवावं लागतं. पण येऊन बघते तर लिलीच्या कुंड्या टवटवीत! सगळ्या उचलून लिंबाखाली, भिंतीच्या कडेला ठेवलेल्या. वर शेळीच्या लेंड्यांचं खत, सगळ्या कुंड्यांत सारखं, बोटभर थर.

आमच्याकडे शेळी नाही. म्हणजे चंद्री भिंतीवरून उडी मारून आली असणार. पाला न खाता नुसतं खत टाकून गेली, तेही प्रत्येक कुंडीत मोजून टाकल्यासारखं. जनावर हुशार आहे, मालकिणीपेक्षा.

१५ जानेवारी २०२४

संक्रांत. झुंबरबाई भिंतीशी येऊन शेळीला म्हणाल्या, "चंद्रे, तिळगूळ घे गं, गोड बोल." आणि वडी ठेवली ती शेळीच्या तोंडात नाही, भिंतीवर. शेळी दावणीला, वडी भिंतीवर! ती तिथे मुंग्यांनी खाल्ली असती. म्हणून मी खाल्ली.

अजून तशीच वडी करतात. वेलदोडा जास्त असतो.

३ मे २०२४

यंदाही फूल नाही. कांदे लिंबाएवढे झालेत, पानं तलवारीसारखी आणि फूल नाही. ह्या बियांनी मला म्हातारी करायचं ठरवलं आहे. आईच्या तांबडीनं मात्र नेहमीसारखे चार दांडे काढले. तिचा मला आज आधार वाटला.

१२ नोव्हेंबर २०२४

"सारखं पानी पाजून पाजून माजलाय गं पाला, चंद्रे. थंडीत पानी तोडायचं. कांदा उपाशी राहिला, तापला, मंगच फुलावर येतो." शेळीला उपाशी ठेवायचं म्हणते की काय ही बाई?

कुंड्यांचं पाणी मी आजपासून बंद केलं. सहज.

१६ फेब्रुवारी २०२५

बिभीषण आला होता. चाकणला त्यानं फ्लॅट घेतला, आता आईला कायमची घेऊन जायचं म्हणतो. घराला कुलूप आणि रान ह्यांच्याकडे वाट्यानं. अक्षय्य तृतीयेनंतर नेणार. मला नमस्कार करून म्हणाला, "काकू, आईचं तिकडं कसं व्हईल म्हनून काळजी वाटती. तिला बोलाया मानूस लागतं."

मी म्हटलं, "होईल सवय."

बरंच होईल. अंगण शांत होईल. सकाळ-संध्याकाळ शेळीचं कीर्तन ऐकावं लागणार नाही. चंद्रीला कोण घेणार ते विचारायचं राहिलं.

रात्री जेवण गेलं नाही. भरीत बिघडलं असावं, पण ह्यांनी तर चाटूनपुसून खाल्लं.

२ एप्रिल २०२५

दांडा! एका कुंडीतून जाड, हिरवा दांडा वर आला आहे आणि त्याच्या टोकाला कळी, मिटलेल्या चोचीसारखी. मी अंगणवाडीत आज दोन पोरांची वजनं उलटी लिहिली. पांढरी लिली, माझ्या अंगणात, कोणाकडे न मागता! झुंबरबाई जायच्या आधी त्यांना ती भिंतीवरून दिसलीच पाहिजे. दिसली की झालं माझं.

१३ एप्रिल

आज ती उमलली.

पांढरी नाही. तांबडी आहे, आणि प्रत्येक पाकळीच्या मधून पांढरा पट्टा, एकाच कुंचल्यानं ओढल्यासारखा. देखणी आहे. पण पांढरी नाही! तीन वर्षं मी वाडगी, घमेली, कुंड्या केल्या, रानात बसून कांद्याचा वास घेतला, आणि हे?

मी कुंडी उचलली, भिंतीला वळसा घातला आणि सरळ पलीकडच्या ओट्यावर नेऊन आदळली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिकडे पाय ठेवला. बिभीषणाच्या लग्नानंतर, म्हणजे.

झुंबरबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी फुलाकडे बघितलं आणि तोंडभर हसल्या. "आली व्हय! मला वाटलं हुतं, गुलाबी यील."

"हे तुमच्या पांढरीचं बी आहे."

"व्हय की."

"मग पांढरी का नाही आली?"

"आगं, भोपळ्याला धरंना झालं की आपन नराचं फूल आनून घासतो का न्हाई? तसं केलं. पांढरीला बोंडच धरंना. मंग तुज्या तांबडीच्या मिशा तोडून आनल्या न् लावल्या तिला. तुला बी पायजे हुतं. रोज भिंतीवरनं मान काढून बघायचीस, मला काय दिसत न्हाई?"

म्हणजे मिशा चिमणीनं नेल्या नव्हत्या. जे मनात इतकी वर्षं होतं तेच तोंडातून निघालं. "तुमच्याकडनं सरळ काही येतच नाही! लग्नात साडी दिली ती माझीच. आता बोंड दिलं, त्यातपण माझंच!"

"कंची साडी?"

"पिस्ता रंगाची! मी दिवाळीत घेतलेली. तुम्ही मांडवात माझ्या ओटीत परत घातली!"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ती तू दिल्ती व्हय गं?" म्हणाल्या. "म्हनून बोलत न्हाईस? मला वाटलं, भिंतीवरनं काय झालं का, का बिबीषनाची बायको काय बोलली. लई इचार केला." मग टरफलं बाजूला सारत म्हणाल्या, "तुजे भावजी गेल्यावर मला कुनी काय दिल्यालं, कवा दिल्यालं, काय सुदीक ध्यानात ऱ्हायलं न्हवतं. पेटी उघडली. म्हनलं, सगळ्यात चांगली साडी रोहिनीला. तेवडंच ध्यानात हुतं."

मी ओट्यावर बसले आणि रडले. मला लाज वाटली, बरं वाटलं, राग आला आणि हसूही आलं, सगळं एकदमच. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. मी फोडायला लागले.

थोड्या वेळानं म्हटलं, "अक्का, त्या डेऱ्यातली रोपं?"

"तुजा नवरा पहाटं उटतो व्हय कदी?"

"आणि लेंड्या?"

"चंद्रीच्याच हायेत," अक्का म्हणाल्या. "शिरा मातूर चांगला झाला हुता."

१४ एप्रिल

सकाळी पेटीच्या तळातून ती पिस्ता साडी काढली आणि नेसले. फॉल लावलेला नाही, घड्या करकरीत. पलीकडे गेले. अक्कांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाल्या, "चांगली हाय गं. कुनी घेतली?"

ह्यांना आता सगळं सांगितलं. अपेक्षेप्रमाणे हसले. "तुला हे कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं, रागात "तुम्हाला" म्हणायचंही विसरले, तर म्हणाले, "मला काय, दोन्ही घरचा चा मिळत हुता."

दुपारी बिभीषणाचा फोन आला. अक्षय्य तृतीया जवळ आली, सामान बांधायला कधी येऊ म्हणून विचारत होता. फोन कानाला लावून अक्का आमच्याच कुंड्यांकडे बघत होत्या. "आरं, हितं अजून बारा-पंधरा कुंड्या फुलायच्यात," त्या म्हणाल्या. "एकीचा रंग दुसरीला न्हाई म्हनत्यात. त्या सगळ्या बघितल्याबिगर मी कुटं यायची न्हाई." बिभीषण पलीकडून काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. "मंग फुलतील तवा फुलतील," अक्का म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला, कारण बंद कसा करायचा ते त्यांना येत नाही.

मग आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना बसून बोललो. ज्ञानूचं नाक, ज्योतीची सासू, बिभीषणाच्या फ्लॅटमधला पाळणा, भावजींचा शेवटचा दवाखाना, वडीत वेलदोडा किती. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. उद्या भिंतीवर कुरडया घालायच्या ठरल्या आहेत.

चंद्री मात्र दिवसभर ओरडत होती. पाला घातला, पाणी दाखवलं, तरी गप्प बसेना. मग अक्कांच्याच लक्षात आलं, आज तिच्याशी कोणीच बोललं नव्हतं.